अस्पष्ट, एकोणीस सेकंद

१

"मुलगी गप्प आहे, भाषा येते, आणि घरातली झाल्यावर बाहेर बोलणार कुठे? आणखी काय हवं आपल्याला?"

सासूबाई हे बोलल्या तेव्हा आमच्या लग्नाला अकरा दिवस झाले होते आणि मी वाळलेल्या कपड्यांचा ढीग छातीशी धरून जिन्यावर उभी होते. सासरे म्हणाले, "जरा हळू." मग दोघंही थांबले. मी चार पायऱ्या मागे गेले आणि पाय वाजवत पुन्हा उतरले. आपण काही ऐकलेलं नाही हे पटवायचं असेल तर आधी भरपूर आवाज करावा लागतो.

माझ्या गप्प बसण्याचं कौतुक करणारे हे पहिलेच लोक. एरवी माझी आई म्हणायची, हिच्या तोंडातून शब्द काढायला पक्कड लागते. आई नदीच्या वरच्या अंगाच्या देशातली. सीमा बंद व्हायच्या आधी इकडे आली आणि तिची भाषा तिच्या मागोमाग माझ्याकडे आली. आता ती भाषा समजणारी माणसं शहरात बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातली निम्मी माझ्या माहेरचीच.

आमच्या ह्यांचं हे दुसरं लग्न. पहिली नांदली नाही, माहेरी निघून गेली, कोर्टाचा कागद आहे, असं आम्हाला सांगितलं होतं. कागद होता खरा. माझ्या वडिलांना कागद पाहिला की माणूस पाहिल्यासारखं वाटतं.

खाली आले तर सासूबाई हसून म्हणाल्या, "आलीस? ठेव ते पलंगावर. आणि अगं, बादल्या जिन्याखाली नको ठेवत जाऊस."

जिन्याखाली जमिनीत बांधलेली पाण्याची जुनी टाकी होती. झाकण सिमेंट लावून बंद केलेलं. घर पन्नास वर्षांचं, सिमेंट मात्र अजून करडं, कोवळं.

"गळायची," सासूबाई म्हणाल्या. "मग यानेच सिमेंट कालवून बंद केली. गवंडीसुद्धा बोलावला नाही. हौस भारी त्याला."

आमचे हे पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं नाही. मी पाहिलं, कारण त्या पानावर फक्त जाहिराती होत्या.

२

सासरे श्रवण केंद्राचे प्रमुख. परदेशी रेडिओ केंद्रं काय बोलतात ते दिवसभर ऐकायचं, आपल्या भाषेत पत्रक टाइप करायचं आणि वर पाठवायचं, एवढंच या सरकारी खात्याचं काम. इमारतीवर पाटी नाही. आसपासच्या लोकांना ती मोजणी कार्यालयाची वाटते आणि अधूनमधून कुणीतरी जमिनीचा नकाशा मागायला येतं.

लग्नाच्या तिसऱ्या आठवड्यात मला तिथे चिकटवण्यात आलं. खोली क्रमांक चार: कपाटाएवढी, भिंतींना भोकाभोकाचे पुठ्ठे. एक रिसीव्हर, एक टेपरेकॉर्डर, टाइपरायटर. टेप मागे नेण्यासाठी पायाखाली पेडल. पेडलचं रबर टाचेपाशी झिजलेलं होतं आणि माझी टाच बरोबर त्या खळग्यात बसली. ड्रॉवरमध्ये केसांचा एक चाप सापडला.

शेजारच्या खोलीत बसणाऱ्या म्हाताऱ्या श्रोत्याला सगळे कानसेन म्हणत. एक कान पार गेलेला, दुसऱ्यावर सरकारचा विश्वास. निवृत्तीला चार महिने उरले होते. त्यानेच मला काम शिकवलं.

"तीनदा ऐकायचं. तीनदा ऐकूनही कळलं नाही तर कंसात लिहायचं, अस्पष्ट, इतके सेकंद. खाली आपली आद्याक्षरं. अंदाज बांधायचा नाही. ऐकलं ते लिहायचं, समजलं ते नाही. आवडलं ते तर मुळीच नाही."

"आणि फार महत्त्वाचं काही ऐकलं तर, काका?"

"तर ते साहेबांच्या टेबलावर. पण साहेबांचा स्वतःचा एक नियम आहे. कुठलाही इशारा दुसऱ्यांदा प्रसारित झाल्याशिवाय ते पुढे पाठवत नाहीत. पूर्वी एकदा खोट्या बातमीवर वरून चांगलीच हजामत झाली होती त्यांची." त्याने माझ्या पायाखालच्या पेडलकडे पाहिलं. "बसला का पाय बरोबर?"

"बसला. माझ्या आधी इथे कोण होतं?"

कानसेनने आपला गेलेला कान माझ्याकडे वळवला आणि विचारलं, "काय म्हणालात?"

३

वरच्या देशाचं एक लहानसं केंद्र रोज दुपारी तीन दहाला नदीची पाणीपातळी सांगायचं आणि संध्याकाळी सहाला तीच यादी पुन्हा वाचायचं. वाचणारा पुरुष वयस्कर, संथ, लिहून घेणाऱ्यांना सोयीचा. जुना पूल, चार मीटर दहा, स्थिर. गिरणीचा घाट, तीन मीटर ऐंशी, उतरती. बारा ठिकाणं, मग वाद्याचे दोन सूर, मग शांतता. इतकं कंटाळवाणं काम मला मनापासून आवडलं.

दुसऱ्या आठवड्यात एका मंगळवारी बाराव्या ठिकाणानंतर सूर वाजले नाहीत. कुणीतरी श्वास घेतला. मग एका बाईचा आवाज आला, त्याच संथ चालीत.

"जिन्याखाली. एक वीत. चढती."

माझी बोटं ते टाइप करून मोकळी झाली होती. मग मी कागदाकडे पाहत बसले. या नावाचं ठिकाण यादीत नव्हतं. शिवाय कुठलंच सरकार नदी वितीत मोजत नाही. आणखी एक गोष्ट: भाषा तिकडची होती, पण उच्चार इकडचे. माझ्या आईने ऐकलं असतं तर म्हणाली असती, शिकलेली आहे, जन्मली नाही तिकडे.

टेप मागे नेली. बारा ठिकाणं स्वच्छ वाजली. नंतर सात सेकंद नुसती खरखर. तीनदा ऐकलं, तीनदा खरखर. नियम म्हणजे नियम. मी ती ओळ खोडून लिहिलं: (अस्पष्ट, सात सेकंद). खाली आद्याक्षरं. ती लिहिताना उगाचच ओशाळल्यासारखं झालं, एखाद्या बाईने बोलता बोलता आपल्याकडे पाहावं आणि आपण मान फिरवावी तसं.

घरी आले तर सासूबाई जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी ओणव्या होऊन भिंत घासत होत्या. जमिनीपासून वीतभर उंचीवर, शिसपेन्सिलीने ओढावी तशी सरळ रेघ उमटली होती, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी बोट फिरवून पाहिलं. कोरडी ठणठणीत.

"ओल आली आहे," सासूबाई म्हणाल्या.

"उन्हाळ्यात?" मी विचारलं.

"ओलीला काय कॅलेंडर कळतं?"

४

पुढच्या दिवसांचा हिशोब मी मनात ठेवला, कारण कागदावर ठेवता येत नव्हता.

गुरुवारी बाई म्हणाली, "स्वयंपाकघर. गुडघा. चढती." सोमवारी: "जेवणाची खोली. कंबर. चढती." आकड्यांऐवजी ती अंगाची मापं सांगायची आणि प्रत्येक मापाआधी छोटा श्वास घ्यायची. टेपवर दरवेळी सात सेकंद खरखर. मी स्वतःला समजावलं की नवं घर, नवी नोकरी, बारा तास कानाला यंत्र. कानात मुंगीसुद्धा बोलायला लागेल. ही समजूत मला दुपारपर्यंत पुरायची.

घरी गेलं की पुरत नव्हती. सासूबाई स्वयंपाकघरात चालताना पाऊल उंच उचलून पुढे टाकायला लागल्या होत्या, ओढ्यातून चालतात तसं, आणि हे त्यांना ठाऊकच नव्हतं. सासरे टेबलापाशी बसले की पाय खुर्चीच्या आडव्या दांडीवर घ्यायचे. "फरशी गार पडते हल्ली," म्हणायचे. आमचे हे एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना हातातला पेपर खांद्याच्या वर धरायचे.

"अहो, पेपर असा का धरलाय?" मी एकदा विचारलंच.

"कसा?"

"डोक्यावर."

त्यांनी वर पाहिलं, हात पाहिला, आणि तो खाली आणायला त्यांना बराच वेळ लागला. खाली आणताना ते दात आवळून होते.

मला काहीच होत नव्हतं. मी त्याच फरशीवर अनवाणी चालत होते. पाय कोरडे, फरशी कोमट. त्या घरात पहिल्यांदाच मला वाटलं की मी परकी आहे ते एका परीने बरं आहे.

एका दुपारी घरात मी एकटी होते तेव्हा जिन्याखाली वाकले. झाकणाला कान लावण्यात शरम कसली, माझा तो धंदाच आहे. तीनदा ऐकलं, नियमाप्रमाणे. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा काही नाही. तिसऱ्यांदा, सिमेंटच्या पलीकडे, अगदी जवळ, कुणीतरी माप सांगण्याआधी घ्यावा तसा छोटा श्वास घेतला.

५

त्याच आठवड्यात सासऱ्यांनी मला ऑफिसात वर बोलावून घेतलं. टेबलावर लाखेची मोहोर लावलेली पेटी होती.

"बस. घरचंच काम आहे म्हण." ते हसले. "तीन वर्षांपूर्वी नदीला पूर आला. खालच्या वस्तीतली सदतीस माणसं गेली. आता चौकशी पुन्हा उघडली आहे. त्या दिवशीची तीन दहाची टेप या पेटीत आहे. भाषा जाणणाऱ्या श्रोत्याने ती ऐकून दाखला द्यायचा की त्यातले एकोणीस सेकंद अस्पष्ट आहेत. मूळ पत्रकात तसंच लिहिलंय. तू फक्त दुजोरा द्यायचा."

"आणि अस्पष्ट नसले तर?"

"असतील," ते म्हणाले. मग त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू जरासं सरकलं. "बरं, हल्ली तुझ्या पत्रकात वरचेवर सात सेकंद अस्पष्ट का असतात?"

"खरखर असते, बाबा."

त्यांनी हनुवटी किंचित वर उचलली. तेव्हापासून ते हनुवटी वर ठेवूनच बोलू लागले.

खाली येऊन मी कानसेनला चार नंबरच्या खोलीत बोलावलं आणि त्याच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसले. "काका, आता गेलेला कान पुढे करू नका. ते पत्रक कुणी टाइप केलं होतं?"

त्याने यंत्राची तार बोटाला गुंडाळली. "तुमच्या आधीच्या सूनबाईंनी. याच खुर्चीत. कागद वर नेऊन दिला मी. तीन पस्तीसला."

"काय लिहिलं होतं?"

"अर्धवट दिसलं. धरणाचे दरवाजे उघडणार, पहाटे पाच. साहेब म्हणाले, सहाचं वाचन होऊ दे. सहाला वादळ झालं, केंद्र लागलंच नाही. दुसऱ्यांदा ऐकू आलं नाही म्हणून साहेब कागद खणात ठेवून घरी गेले. सकाळी फाइलमध्ये दुसरंच पत्रक होतं. एकोणीस सेकंद अस्पष्ट, खाली तिची आद्याक्षरं. तिने मजलाभर आरडाओरडा केला, मी लिहिलं होतं, मी लिहिलं होतं. दुसऱ्या दिवसापासून आलीच नाही. माहेरी गेली म्हणाले."

"गेली का?"

"तिचा भाऊ महिनाभर रोज आपल्या गेटवर येऊन बसायचा. माहेरी पोचलेल्या बाईचा भाऊ असा बसेल का?" त्याने तार सोडली. "माझी तीन वर्षं राहिली होती नोकरीची. मी काय बोलणार?"

मी चाप ड्रॉवरमधून काढून त्याच्यासमोर ठेवला. त्याने त्याच्याकडे पाहिलं नाही. "आकडा सांगायच्या आधी श्वास घ्यायची सवय होती तिला," तो म्हणाला. "आम्ही चिडवायचो, बुडी मारायची आहे का."

६

टेप मी शनिवारी ऐकली, चार नंबरच्या खोलीत, चौकशीचा एक शिपाई दाराबाहेर बसलेला असताना. झिजलेल्या खळग्यात टाच ठेवून पेडल दाबलं.

बारा ठिकाणं. मग तोच वयस्कर पुरुष, पण या वेळी घाईत: "इशारा. वरच्या धरणाचे तिन्ही दरवाजे उद्या पहाटे पाच वाजता उघडतील. खालच्या काठावरच्या लोकांनी आजच उंचावर जावं." घड्याळ लावून पाहिलं. एकोणीस सेकंद. माझ्या आईने शेजारच्या खोलीतून हाक मारावी इतकं स्वच्छ.

दुसऱ्यांदा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकलं. मग टेप बंद केली, प्लग काढला, आणि कानावरचं यंत्र काढणार इतक्यात त्या मेलेल्या तारेतून श्वास आला. ती काही बोलली नाही. ती फक्त मी काय टाइप करते याची वाट पाहत होती. मान मागे वळवायचा धीर मला झाला नाही. मानेवर थेंब पडला तेव्हाही नाही.

मी टाइप केलं. एकोणीस सेकंद, शब्द न् शब्द, कंस कुठेच नाही. खाली आद्याक्षरं, त्याखाली पूर्ण सही. पत्रकाच्या दोन प्रती.

कानसेन घरी निघाला होता. मी दोन्ही प्रती त्याच्या जेवणाच्या डब्याच्या पिशवीत सरकवल्या. "काका, चौकशीच्या कचेरीत नेऊन द्याल? त्या शिपायावर माझा भरवसा नाही, तो साहेबांना वाकून सलाम करतो."

त्याने पिशवीत पाहिलं, वाचलं, आणि पिशवीचं तोंड घट्ट बांधलं. "या वेळी मी स्वतः पोच घेईन," तो म्हणाला. "बाई, तुम्ही मात्र आज त्या घरी जाऊ नका."

पण मला जायचं होतं. माझे कपडे तिथे होते. शिवाय, खरं सांगायचं तर, यादी पुरी व्हायची राहिली होती.

७

रविवारी सासऱ्यांनी ऑफिसातला एक रिसीव्हर घरी आणून दिवाणखान्यातल्या टेबलावर मांडला. "मलाच ऐकू दे तुझी ती खरखर," म्हणाले. भाषा त्यांना कधीच येत नव्हती. तीस वर्षं ते त्या खात्यात न समजलेल्या गोष्टी खणात ठेवत आले होते.

तीन दहाला यंत्रातून काहीच आलं नाही. बारा ठिकाणंही नाहीत. पावणेसहाला सासूबाईंनी मला हाक मारली.

खिडकीतून पिवळं ऊन आत पडलं होतं. टेबलाभोवती चार खुर्च्या. तिघं तीन खुर्च्यांवर बसले होते, पाय वर घेऊन, माना ताणून, हनुवट्या छताकडे. फोटो काढायला बसवलंय आणि फोटोवाला माडीवर उभा आहे, असं ते दृश्य होतं. एरवी मला हसू आलं असतं. टेबलावर टाइप केलेला दाखला होता, वर माझं नाव, शेजारी पेन.

"सही कर आणि सुखात राहा," सासूबाई म्हणाल्या. मध्येच थांबून त्यांनी नाकाने श्वास घेतला. "आम्ही काय परके आहोत का?"

"कालच ऐकलीस ना टेप?" सासरे म्हणाले. "मग दाखला लगेच का नाही दिलास?"

"घरी विचारून देईन म्हटलं."

"शहाणी आहे," सासूबाई म्हणाल्या. "पहिली फार बोलायची."

"आई," आमचे हे म्हणाले.

"काय आई? बोलायचीच ती. शेवटपर्यंत बोलत होती. झाकण बसवलं तरी—"

"आई!"

मी चौथ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. लाकूड कोमट होतं. दार माझ्या पाठीशी, उघडं. बॅग मी दुपारीच बाहेरच्या पायरीवर नेऊन ठेवली होती. घड्याळात सहाला आठ कमी होते.

तेव्हा मला दाखला हलताना दिसला. पंखा बंद होता. कागदाची कडा जरा उचलली, मग तो कोरड्या लाकडावर हळूहळू गोल फिरू लागला, आणि पेन बुचासारखं वरखाली होत टेबलाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत तरंगत गेलं. समोरच्या काचेच्या कपाटात आमचं प्रतिबिंब होतं. त्यात मी होते, ऊन होतं, आणि तीन हनुवट्यांना लागून चाललेली एक सपाट, करडी रेघ. त्या रेघेवर, चौथ्या खुर्चीपाशी, काळे केस पसरले होते. माझे केस बांधलेले होते.

रिसीव्हर आपोआप खरखरला. सूर नाही, ठिकाणं नाहीत. एक छोटा श्वास, आणि मग तिचा आवाज, भर दिवाणखान्यात, तिघांनाही ऐकू जाईल असा, त्यांना न कळणाऱ्या भाषेत.

"दिवाणखाना. हनुवटी. चढती. इशारा. दरवाजे आज सहा वाजता उघडतील. खोलीतल्यांनी आत्ताच उंचावर जावं. चौथी खुर्ची, कोरडी."

मी घड्याळ पाहिलं. एकोणीस सेकंद.

आमच्या ह्यांचा चेहरा राखेसारखा झाला. भाषा कळली नाही तरी आवाज ओळखता येतो, तीन वर्षांनीही. "हिचा... हा आवाज... अगं, काय म्हणाली ती?" सासूबाईंनी टेबलाची कड दोन्ही हातांनी पकडली होती आणि त्या वरच्या वर नुसता श्वास गोळा करत होत्या. सासऱ्यांची मान इतकी मागे गेली होती की त्यांना माझ्याकडे नाकाच्या शेंड्यावरून पाहावं लागत होतं. प्रमुखाने श्रोत्याकडे पाहावं तसं नव्हतं ते. खालच्या वस्तीतल्या माणसाने वर पाहावं, तसं.

"सूनबाई," ते म्हणाले, "तिने काय सांगितलं? बोल. अगं, बोल ना काहीतरी!"

जिन्याखाली सिमेंट तडकल्याचा आवाज आला, एकच, कोरडा. अजून सात मिनिटं होती. दोन वाक्यांचं काम होतं. माझ्या तोंडातून शब्द काढायला त्या दिवशी पक्कड लागली नसती. मला त्या सदतीस माणसांची नावं ठाऊक नव्हती, पण एका बाईचा चाप माझ्या मुठीत होता. मी एक पाऊल मागे उंबऱ्यावर ठेवलं, आणि शिकवल्याप्रमाणे, अंदाज न बांधता, त्या तिघांना सांगितलं:

"अस्पष्ट आहे, बाबा. दुसऱ्यांदा ऐकू आलं की कळवते."